कोलकात्याचा पाऊस आणि कोरडी पिशवी

प्रस्तावना

पावसाचे सौंदर्य वर्णन करणाऱ्या कविता तुम्ही वाचल्या असतील. प्रस्तुत पाठाचा विषय मात्र वेगळा आहे. पावसातून कामाला, शाळेला किंवा परीक्षेला जाणाऱ्या माणसाने स्वतःला आणि आपल्या पिशवीला कोरडे कसे ठेवावे, याचा विचार या पाठात केला आहे. हा माहितीपर लेख आहे. अशा लेखात आधी कारण आणि मग उपाय सांगितला जातो. वाचताना कारण आणि उपाय यांची जोडी कशी जुळवली आहे, याकडे लक्ष द्या.

मूलपाठ

१. शहर आणि पाऊस

कोलकाता हे शहर हुगळी नदीच्या पूर्व तीरावर वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची अवघी काही मीटर आहे. मार्च ते मे या महिन्यांत तेथे सायंकाळच्या सुमारास अकस्मात वादळी पाऊस येतो. बंगाली लोक त्याला ‘कालबैशाखी’ म्हणतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत रेंगाळतो. वर्षाकाठी सुमारे १,८०० मिलिमीटर पाऊस या शहरावर पडतो. पुण्याच्या वार्षिक पावसाच्या दुपटीहून हे प्रमाण अधिक आहे.

पडणाऱ्या पावसापेक्षाही साचणारे पाणी हा कोलकातावासीयांचा मोठा प्रश्न आहे. नदीकाठची जमीन उंच आणि पूर्वेकडची जमीन सखल असल्याने शहराचा नैसर्गिक उतार नदीकडे नसून नदीपासून दूर, पूर्वेकडील पाणथळ प्रदेशाकडे आहे. विल्यम क्लार्क या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५९ साली येथे विटांच्या भूमिगत गटारांचे काम सुरू झाले आणि १८७५ साली ते पूर्ण झाले. जुन्या शहराचे पाणी आजही बव्हंशी या गटारांतून वाहते. हुगळीला समुद्राची भरती-ओहोटी असल्यामुळे भरतीच्या वेळी नदीचे पाणी गटारांत उलटे शिरू नये म्हणून झडपा बंद कराव्या लागतात. त्याच वेळी मुसळधार पाऊस झाला, तर पाण्याला वाट उरत नाही. ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट या भागांत मग गुडघाभर पाणी साचते आणि माणसाने ओढायची रिक्षा हेच काही काळ तेथील वाहन ठरते.

२८ सप्टेंबर १९७८ रोजी शहरात सुमारे ३७० मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. दुर्गापूजेच्या तोंडावर, २३ सप्टेंबर २०२५ रोजी, चोवीस तासांच्या आत २५१.४ मिलिमीटर पाऊस झाला. साचलेल्या पाण्यात विजेचा प्रवाह उतरून त्या दिवशी अनेकांनी प्राण गमावले. २० मे २०२० रोजी आलेल्या ‘अम्फान’ चक्रीवादळात कॉलेज स्ट्रीटवरील ‘बोईपाडा’ या ग्रंथपेठेत पाणी शिरले आणि असंख्य पुस्तके रस्त्यावरील पाण्यात तरंगू लागली. पावसात भिजणे ही केवळ गैरसोय नसते. कोणाची उपजीविका, कोणाची वर्षभराची टिपणे, तर कोणाचा जीवही त्यात पणाला लागतो, हे या प्रसंगांवरून लक्षात येते.

२. पाणी कोणत्या वाटांनी येते?

पावसात माणूस तीन दिशांनी भिजतो : वरून, खालून आणि आतून.

वरून येणारे पाणी सर्वांना दिसते. मात्र पाऊस सरळ खाली पडतो हा समज अपुरा आहे. मोठा थेंब ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने खाली येतो. त्याच वेळी तितक्याच वेगाचा वारा आडवा वाहत असेल, तर तो थेंब पंचेचाळीस अंशांच्या कोनात तिरपा येतो. कालबैशाखीचा वारा याहून पुष्कळ अधिक वेगवान असतो. तेव्हा पाऊस जवळजवळ आडवा झोडपतो आणि छत्री निरुपयोगी ठरते. अशा वेळी पक्क्या इमारतीच्या आडोशाला थांबणे हाच खरा उपाय होय.

खालून येणारे पाणी म्हणजे रस्त्यावरून उडणारे शिंतोडे, वाहनांनी उडवलेले फवारे आणि साचलेले पाणी. विजारीचा घोटा एकदा भिजला, की सुताच्या धाग्यांमधील सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी आपोआप वर चढू लागते. दिव्याची वात तेल वर ओढून घेते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच घोट्यापाशी भिजलेले कापड काही वेळाने पोटरीपर्यंत ओले होते.

तिसरी वाट आतली, म्हणजे घामाची. पावसाळ्यात कोलकात्याच्या हवेतील आर्द्रता बहुधा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. बाहेरच्या हवेतच बाष्प भरलेले असल्यामुळे घाम वाळत नाही. अशा हवेत अंगभर रबरी आवरण घातले, तर माणूस पावसाने नव्हे तर घामाने चिंब होतो. कोरडे राहण्याचा प्रत्येक उपाय या तिन्ही वाटांच्या कसोटीवर तपासून पाहावा लागतो.

३. पूर्वजांचे उपाय

यंत्रयुगापूर्वीही माणसे पावसात कामे करीत होतीच. सह्याद्रीतील धनगर आणि शेतकरी घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेत. लोकरीच्या तंतूचा बाह्य पृष्ठभाग पाण्याचा थेंब सहसा शोषून घेत नाही. त्याचे अंतरंग मात्र बाष्प शोषून घेते. आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प सामावूनही लोकर हाताला फारशी ओली लागत नाही. घोंगड्यात ऊब टिकते ती यामुळेच.

कोकणात भाताची लावणी करताना स्त्रिया इरले वापरीत. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले हे आवरण डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकते. वाकून काम करणाऱ्या व्यक्तीचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि खालून हवा खेळत असल्यामुळे घामही साचत नाही. बंगालमधील शेतकरी बांबू आणि पाने यांपासून केलेली ‘टोका’ ही रुंद काठाची टोपी घालतात. इरले आणि टोका या दोन्ही वस्तूंमागील विचार एकच आहे. आवरण अंगाला चिकटू द्यायचे नाही, पाणी उतारावरून दूर सोडायचे आणि आत हवा खेळती ठेवायची.

निसर्गानेही हेच साधले आहे. क्षणभंगुर गोष्टीला मराठीत ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात. अळवाच्या पानावर पाणी टिकत नाही याचे कारण त्या पानाच्या रचनेत आहे. पानाचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत भासला, तरी त्यावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर असतो. थेंब या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो. त्याच्या खाली हवा राहते. त्यामुळे तो पसरत नाही, गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहाउस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली कमळाच्या पानाच्या संदर्भात हे तत्त्व विशद केले. आजची अनेक जलरोधक कापडे अळवाच्या पानाप्रमाणेच पाणी घरंगळून टाकण्याचा प्रयत्न करतात.

४. पानिहाटीचा रेनकोट

कापडाला रबराची जोड देण्याचे श्रेय स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांना दिले जाते. नॅफ्था या द्रवात रबर विरघळवून त्याचा थर दोन कापडांमध्ये बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १८२३ साली घेतले. परंतु साधे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ताठर बने. रबरात गंधक मिसळून ते तापवले असता हा दोष जातो, हे चार्ल्स गुडइयर यांच्या १८३९ सालच्या शोधाने दिसून आले. त्यानंतरच रबरी कापड उष्ण प्रदेशातही उपयोगी ठरले.

हे तंत्र बंगालमध्ये रुजले त्याला स्वदेशीच्या चळवळीची पार्श्वभूमी होती. मूळ मराठी घराण्यातील सखाराम गणेश देउस्कर यांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ लिहून परकीय मालामुळे देशी उद्योग कसे बुडाले, हे मांडले होते. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशी वस्तूंचा आग्रह वाढला. याच वातावरणात घडलेल्या सुरेंद्रमोहन बोस यांनी परदेशी शिक्षण घेऊन परतल्यावर, आपल्या बंधूंच्या साहाय्याने १९२० साली कोलकात्यात ‘बेंगॉल वॉटरप्रूफ’ या उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली. पुढे शहराच्या उत्तरेस पानिहाटी येथे त्याचा कारखाना उभा राहिला. त्यांच्या मालाचे नाव होते ‘डकबॅक’, म्हणजे बदकाची पाठ. बदकाच्या पिसांची वीण आणि त्यांवरील तेलकट थर यांमुळे त्याच्या पाठीवर पाणी ठरत नाही. अळवाच्या पानाने मराठीला जी उपमा दिली, तीच बदकाच्या पाठीने या उद्योगाला दिली, असे म्हणता येईल. डकबॅकचे रेनकोट, गमबूट, गरम पाण्याच्या पिशव्या आणि शाळेची दप्तरे विसाव्या शतकात बंगालमधील अनेक पिढ्यांच्या परिचयाची झाली.

रबरी कोट वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. तो ओला असताना घडी घालून ठेवू नये; घडीच्या रेषेवर रबर तडकते. तो कडक उन्हात न वाळवता सावलीत टांगावा. वाळल्यावर त्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी, म्हणजे पदर एकमेकांना चिकटत नाहीत. दमट हवेत कोट सैल असावा आणि बगलेपाशी किंवा पाठीवर हवा जाण्यासाठी झरोके असावेत. अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉनसारखा पदार्थ ताणून सूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा तयार केला. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. तथापि बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, तेव्हा वाफ बाहेर जाण्याचा वेग मंदावतो. कोलकात्याच्या श्रावणात म्हणूनच महागड्या कोटापेक्षा साधी छत्री पुष्कळदा सुखावह ठरते.

५. छत्री

छत्री, म्हणजे बंगाली ‘छाता’, कोलकात्याच्या नागरिकाला बारमाही लागते; उन्हाळ्यात उन्हासाठी, पावसाळ्यात पावसासाठी. महेंद्रलाल दत्त आणि के. सी. पाल ही तेथील छत्री विक्रेत्यांची नावे घरोघरी परिचित आहेत.

छत्रीचे कापड धाग्यांनी विणलेले असते आणि धाग्यांमध्ये बारीक फटी असतात. तरीही पाणी आत येत नाही, याचे कारण पाण्याचा पृष्ठताण. जलरोधक लेप दिलेल्या घट्ट विणीच्या कापडावर पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि फटींमधून खाली उतरत नाही. मात्र कापड सैल पडले किंवा एखादी काडी वाकली, तर तेथे पाणी साचते आणि त्याच्या दाबाने झिरपू लागते. म्हणून छत्री घेताना कापडाच्या रंगाआधी काड्यांचा ताण पाहावा. चालताना छत्री डोक्यावर सरळ न धरता वाऱ्याच्या दिशेने किंचित झुकवावी.

६. पिशवी का भिजते?

छत्री असूनही पिशवी भिजते, असा अनेकांचा अनुभव असतो. कारण सोपे आहे. सामान्य छत्रीचा व्यास सुमारे एक मीटर असतो. माणूस तिच्या मध्यभागी असला, तर पाठीवर फुगलेली पिशवी छत्रीच्या काठापर्यंत पोहोचते आणि काठावरून निथळणारे सारे पाणी नेमके तिच्यावर पडते. पाठीवरची पिशवी पावसात पोटाशी घ्यावी. खांद्यावरची शबनम वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस घ्यावी आणि तिचा पट्टा आखूड करावा. बसमध्ये आणि मेट्रोमध्ये गर्दी असताना पिशवी पुढे घेणे हे सहप्रवाशांच्याही सोयीचे ठरते.

पिशवी कशाची आहे, यालाही महत्त्व आहे. हुगळीच्या काठी रिश्रा येथे १८५५ साली ताग गिरणी सुरू झाली, तेव्हापासून तागाची पिशवी बंगालमध्ये सर्वत्र दिसते. ताग मजबूत असतो, पण तो पाणी झपाट्याने पितो. चामडे भिजले तर कडक होते आणि दमट हवेत त्यावर बुरशी येते. लेप दिलेले नायलॉन पाणी अडवते. परंतु शिवणीतील सुईची छिद्रे आणि चेन या दोन वाटा उघड्याच राहतात. पिशवीत पाणी बहुधा कापडातून नव्हे, तर याच वाटांनी शिरते. चेनीवर कापडाची पट्टी असलेली पिशवी निवडावी आणि शिवणींना आतून मेण किंवा जलरोधक लेप लावावा.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पिशवीच्या आत दुसरी पिशवी. बाहेरची पिशवी भिजणारच असे गृहीत धरावे आणि आतील मौल्यवान वस्तू वेगळ्या, जाड जलरोधक पिशवीत ठेवाव्यात. तिचे तोंड नुसते बांधू नये. ते सपाट धरून तीन वेळा गुंडाळावे आणि मग बांधावे. प्रत्येक गुंडाळीबरोबर पाण्याचा मार्ग लांबत आणि आवळत जातो. होडीतून प्रवास करणारे लोक आपले सामान याच रीतीने सुरक्षित ठेवतात. जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली या आतील पिशवीत ठेवू नयेत, कारण पाणी कधी कधी पिशवीतूनच सांडते. ओली छत्री ठेवण्यासाठीही स्वतंत्र पिशवी असावी.

कागदपत्रांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. परीक्षेचे प्रवेशपत्र न्यायचे असेल, तर ते पारदर्शक बंद पाकिटात ठेवावे आणि त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. मूळ प्रमाणपत्रे आवश्यक नसताना पावसात बाहेर नेऊ नयेत. २०१५ सालापासून उपलब्ध असलेल्या ‘डिजिलॉकर’ या सरकारी सुविधेत अनेक कागदपत्रे सुरक्षित राहू शकतात. टिपणे काढताना कोणते लेखनसाहित्य वापरले, यावरही पुष्कळ काही अवलंबून असते. दौतीच्या शाईची आणि बऱ्याच जेल पेनांची अक्षरे पाण्याने पसरतात. बॉलपेनची तेलयुक्त शाई बहुतांशी टिकते आणि शिसपेन्सिलीचे अक्षर तर पाण्याने पुसलेच जात नाही.

७. भिजल्यानंतर

एवढी काळजी घेऊनही वस्तू भिजल्या, तर घाई करू नये. ओले पुस्तक जोराने उघडले तर पाने फाटतात. ते उभे ठेवून निथळू द्यावे, काही पानांच्या अंतराने टीपकागद किंवा कोरा शोषक कागद घालावा आणि तो वरचेवर बदलावा. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून पंख्याखाली हवा खेळती ठेवणे हे उन्हापेक्षा अधिक महत्त्वाचे असते. कडक उन्हात पाने वेडीवाकडी होतात. भिजलेला मोबाइल बंद करावा, पुसावा, हवेशीर जागी ठेवावा आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत चार्जिंगला लावू नये. तो तांदळात पुरून ठेवल्याने विशेष लाभ होत नाही. उलट तांदळाची पूड आत जाते. पिशवी उलटी करून वाळवावी आणि तिच्यात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. पाय साबणाने धुवावेत. साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांचे जंतू असू शकतात आणि ते पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात.

८. आपला कोरडेपणा आणि शहराचा

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. पावसातून घाईने जाणारा माणूस पुस्तकावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवतो आणि मुक्कामी पोहोचताच ती फेकून देतो. ती पिशवी वाहत गटाराच्या जाळीपाशी जाते. अशा अनेक पिशव्या साचल्या, की पाण्याची वाट बंद होते आणि पुढच्या पावसात तोच रस्ता तुंबतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस होऊन मुंबई बुडाली, तेव्हाही तुंबलेल्या गटारांतील प्लास्टिकची मोठी चर्चा झाली होती. भारतात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे. जाड पिशवी एकदाच घ्यावी आणि अनेक पावसाळे वापरावी, यात पैशाची बचत आहे आणि शहराचे हितही आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. पाणी गुडघ्याच्या वर असेल, तळ दिसत नसेल किंवा जवळ विजेचा खांब असेल, तर त्या पाण्यात पाऊल टाकू नये. अशा वेळी पिशवी, परीक्षा आणि नोकरी या सर्वांहून जीव मोलाचा असतो. खांबाला, लोखंडी कठड्याला किंवा दुकानाच्या ओल्या पत्र्याला हात लावू नये. उशीर झाला तर त्याची भरपाई करता येते. गेलेला जीव परत येत नाही.

पावसाला थांबवणे कोणाच्याच हाती नाही. पण पाणी कोणत्या वाटेने येते हे ज्याला समजले, त्याला प्रत्येक वाटेवर एक अडसर घालता येतो. इरले विणणाऱ्या हातांना हे ज्ञान अनुभवातून मिळाले होते आणि पानिहाटीच्या कारखान्याने ते रबरात उतरवले. आजच्या प्रवाशाला त्यासाठी एक धड छत्री, एक जाड पिशवी आणि थोडी पूर्वतयारी एवढे पुरेसे आहे.

स्वाध्याय

१. माणूस कोणत्या तीन दिशांनी भिजतो, ते प्रत्येकी एका उदाहरणासह लिहा.
२. कोलकात्यात भरतीच्या वेळी पाऊस झाल्यास पाणी का साचते?
३. ‘अळवावरचे पाणी’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून त्यामागील शास्त्रीय कारण स्पष्ट करा.
४. छत्री असूनही पाठीवरची पिशवी का भिजते? त्यावर उपाय कोणता?
५. तुमच्या गावात किंवा शहरात पाणी कोठे साचते, याचे निरीक्षण करून त्याची संभाव्य कारणे आठ ते दहा ओळींत लिहा.